तारखेची मोकळी जागा

मार्च सरत आला की कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या विरळ होतात. गुऱ्हाळांची चुलाणं थंड पडतात, रस्त्याकडेचा पाला वाळून चाकांखाली कुरकुरतो, आणि माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. मी राज्यशास्त्र शिकवतो. इतकी वर्षं शिकवतोय की आता मुलं काय लिहिणार हे मला पान उलटायच्या आधीच कळतं.

तपासणीच्या हॉलमध्ये पंखे फार उंचावर असतात, त्यांचा वारा खाली येईपर्यंत दमून जातो. सुतळीचा वास, लाल शाईनं रंगलेलं बोट, साय धरलेला चहा. प्रश्न ठरलेला असतो: लोकशाहीच्या यशस्वितेच्या अटी स्पष्ट करा. मुलं गाईडातल्या क्रमानं अटी मांडतात. साक्षरता, जागरूक नागरिक, निःपक्षपाती न्यायव्यवस्था, स्थानिक स्वराज्य संस्था. मी बरोबरच्या खुणा करत पुढं सरकतो. मग कुठंतरी चौथ्या-पाचव्या ओळीत येतं, ‘सुशिक्षित मध्यमवर्ग हा लोकशाहीचा कणा असतो’, आणि माझं पेन तिथं अडतं. शेजारी बसलेले सहकारी विचारतात, “काय सर, काय भलतंच लिहिलंय का?” मी म्हणतो, “नाही, बरोबर लिहिलंय.” आणि मार्क देतो. त्या पोराचा काय दोष, त्याला ते वाक्य मीच लिहून दिलेलं असतं.

परीक्षेचे दिवस आले की मला माझी काकी आठवते. आठवते म्हणणं खोटं आहे, ती येऊन बसते. नव्वदच्या दशकातल्या एका परीक्षेच्या हंगामात ती जशी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली होती तशीच. डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला, हातात पितळी डबा, आणि ऊन एवढं की तिच्यामागची गल्ली पांढरी दिसत होती.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको, शेवंता. आमचं गाव कागलच्या पलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. आमची घरं बौद्धवाड्यात. चुलते शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर होते आणि काकी दुसऱ्यांच्या रानात तण काढायला, भांगलणीला जायची. माझी आई लवकर गेली, त्यामुळं माझी शाळा, माझं कॉलेज, माझं एम.ए. हे सगळं काकीच्या भांगलणीतून आणि चुलत्यांच्या फौंड्रीतून आलेलं. वाड्यातला एम.ए. झालेला मी पहिला. ती मला कौतुकानं आणि थोडी चेष्टेनं ‘परपेसर’ म्हणायची. खरं तर मी तेव्हा प्रोफेसर वगैरे काही नव्हतो, एका कॉलेजात तासांवर शिकवत होतो. कायमच्या नेमणुकीची वाट बघणं हा माझा मुख्य धंदा होता.

पंचायतींची घटनादुरुस्ती होऊन गेली होती. मी वर्गात ती घसा कोरडा पडेपर्यंत शिकवायचो. सत्तेचं विकेंद्रीकरण, तळागाळातली लोकशाही, महिलांसाठी राखीव जागा. शिकवता शिकवता माझ्या अंगावर काटा यायचा, कारण ते माझ्या घरापर्यंत आलं होतं. आमच्या गावचं सरपंचपद अनुसूचित जातीतल्या बाईसाठी राखीव झालं, आणि पंचायतीत अशा दोनच बाया निवडून येणार होत्या. एक माझी काकी आणि दुसरी वाड्यातलीच पारूबाई, जी बारा महिने आण्णांच्या रानात कामाला असायची.

आण्णा म्हणजे गाव. तालमीसमोरच्या कट्ट्यावर ते सकाळी तासभर बसत आणि गावात जे व्हायचं ते त्या तासात होऊन जायचं. माणूस वाईट नव्हता. हे मी आजही लिहितो आणि आजही मला त्याचा राग येतो. कुणाच्या लग्नाला उभे राहतील, कुणाला दवाखान्यात पोचवतील. फक्त एक गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही, ती म्हणजे निवडणूक. गावची पंचायत बिनविरोध झाली पाहिजे, यात त्यांना गावची अब्रू वाटायची. आणि गावालाही वाटायची. शेजारच्या गावात डोकी फुटली की आमच्याकडची माणसं छाती फुगवून सांगत, आमच्यात न्हाय बा असलं. मत न देण्याचा एवढा अभिमान असलेलं गाव मी पुस्तकात कुठं वाचलं नव्हतं.

सदस्य बिनविरोध झाले. राहिलं सरपंचपद. आण्णांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. कट्ट्यावर बसवलं, चहा मागवला.

“मास्तर, दोघी बी आपल्याच. येकीला दिलं तर दुसरी नाराज. म्हून आम्ही काय ठरवलंय, अडीच अडीच वरसं. आधी तुमची काकी, मग पारू. पटतंय न्हवं?”

पटलं. नुसतं पटलं नाही, मी भारावून गेलो. आळीपाळीनं सत्ता हातात घ्यायची आणि आळीपाळीनं सोडायची, हे लोकशाहीचं सगळ्यात जुनं लक्षण म्हणून मी गेल्याच आठवड्यात वर्गात सांगितलं होतं. इथं तालमीच्या कट्ट्यावर कुणी पुस्तक न वाचता तेच ठरवत होतं.

“मग काकीच्या राजीनाम्याचा कागद तेवढा लिवून ठेवू. सगळ्या गावांत तसंच करत्यात. तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच लिवा.”

मी लिहिला. माझं अक्षर खरंच चांगलं आहे, शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो. ‘माझ्या घरगुती अडचणींमुळे मी सरपंचपदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ समास सोडून, ओळी सरळ ठेवून लिहिला. तारखेपाशी थांबलो आणि वर बघितलं.

“ती ऱ्हाऊ दे मोकळी. अडीच वरसांनी घालू,” आण्णा म्हणाले.

आमच्या भागात असे कागद घरोघरी होते. दूध संस्थेत, सेवा सोसायटीत, पंचायतीत, माणूस खुर्चीवर बसायच्या आधी त्याच्या उठण्याचा कागद तयार असायचा. सगळे करतात म्हटल्यावर त्यात काही खटकण्यासारखं उरत नाही. राजीनाम्याला स्वेच्छा लागते, आणि स्वेच्छेला निदान एक तारीख लागते, हे मी परीक्षेत लिहू शकलो असतो. कट्ट्यावर मला ते सुचलं नाही.

काकीला सही करायला मीच शिकवलं होतं, त्याच महिन्यात, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. ‘शेवंता’ लिहिताना ती ‘व’वरचा अनुस्वार आधी द्यायची आणि मग बाकीचं नाव त्याच्याभोवती बसवायची. कागद पुढं ठेवला तेव्हा ती भाकरी थापत होती. हात धुऊन आली. मी म्हणालो, “काकी, वाचून दाखवतो.”

“तू लिवलंस न्हवं?” ती म्हणाली. “मग वाचायचं कशाला?”

आणि सही केली. परातीतलं पीठ वाळू नये म्हणून लगेच उठून गेली.

सरपंच झाल्यावर तिनं फार मोठं काही केलं नाही. रस्ता केला नाही, कमान बांधली नाही. तिनं एकच गोष्ट धरली. आमच्याकडं मासिक सभा म्हणजे ग्रामसेवकाच्या स्कूटरवरून फिरणारं रजिस्टर. तो दारात यायचा, सदस्य उंबऱ्यातूनच सही करायचा, सभा संपली. ठराव मागाहून सवडीनं लिहिले जायचे. पहिल्यांदा रजिस्टर काकीकडं आलं तेव्हा खाली कोऱ्या पानावर आठ सह्या आधीच होत्या. काकी म्हणाली, “वाचा.”

“काय वाचू, बाई? अजून लिहायचंय.”

“मग लिवा. लिवून झालं की वाचा. मग मी करते सही. बसा की पावणं, च्या टाकते.”

तो हसला. गावही हसलं. बाई शाळेत बसल्यासारखी करतीया, असं कट्ट्यावर बोलणं झालं. पण सरपंचाच्या सहीशिवाय पान पुढं जाईना, तेव्हा रजिस्टर चावडीत आलं आणि सदस्यांना त्याच्यामागं यावं लागलं. ग्रामसेवक मोठ्यांदा वाचायचा, काकी भिंतीला टेकून ऐकायची. अधेमधे म्हणायची, “ते परत वाचा.” हळूहळू दारात चार बाया येऊन उभ्या राहायला लागल्या. मग म्हातारी माणसं. कुणी बोलत नव्हतं, नुसतं ऐकत होते. आपल्या गावात काय ठरतं हे त्यांना पहिल्यांदा कानांनी ऐकू येत होतं.

मी शनिवारी गावी जायचो तेव्हा हे बघायचो आणि सोमवारी वर्गात संस्थांच्या विकासाचे सिद्धांत शिकवायचो. कुणी म्हणतं संस्था कायद्यानं उभ्या राहतात, कुणी म्हणतं समृद्धी आली की मागोमाग लोकशाही येते, कुणी म्हणतं सवयी मुरल्याशिवाय कायदा नुसता कागद. मी तिसऱ्या बाजूचा होतो. माझ्या चावडीत एक सवय मुरताना मी बघत होतो. एका प्रबंधाचा विषयही मनात घोळायला लागला होता, त्याची मला आज लाज वाटते.

माघाच्या शेवटी एक ठराव वाचला गेला. बौद्धवाड्यामागची मोकळी जागा बालवाडीसाठी म्हणून ठेवलेली होती. ती गावच्या दूध संस्थेच्या इमारतीला द्यावी, असा ठराव. संस्था आण्णांची. काकी म्हणाली, “परत वाचा.” ग्रामसेवकानं परत वाचला.

“ही जागा पोरांची हाय,” काकी म्हणाली. “मी सही करणार न्हाय.”

एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. आण्णा तिथंच बसले होते. चार दिवसांनी माझ्या अक्षरातला कागद तालुक्याला पोचला. तारखेच्या मोकळ्या जागेत कुणीतरी वेगळ्या शाईनं तारीख घातली होती. ठरलेल्या अडीच वर्षांतले जेमतेम आठ महिने झाले होते.

काकीनं लेखी कळवलं की आपण राजीनामा दिलेला नाही. ते कुणाकडून लिहून घेतलं, मला माहीत नाही. माझ्याकडून नाही. जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी लागली, एप्रिलात, परीक्षेच्या दिवसांत. त्याच्या आदल्या आठवड्यात आण्णा कॉलेजवर आले होते. कॉलेजच्या स्थानिक समितीवर ते होते, त्यांचं येणं नवीन नव्हतं. स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी बसले, पाणी प्याले.

“जूनला तुमच्या नेमणुकीचं हुतंय म्हणं,” ते म्हणाले. “व्हायलाच पायजे. गावचा पोरगा हाय.” आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उठले. धमकी अशी त्यात काहीच नव्हती. मी किती वेळा ते वाक्य उलटंपालटं करून बघितलंय.

मग ती दुपार. दारात काकी. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या. वाड्यात जयंतीची तयारी चाललीय, पताका लावून झाल्यात, औंदा बॅंजो सांगितलाय, असं बरंच बोलून झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

“तू फकस्त यायचं. त्यो सायेब इचारंल, कागूद कवा लिवला. तू सांगायचं, सरपंच व्हायच्या आदी. बास. दुसरं कायबी बोलू नगंस.”

खरंच तेवढंच होतं. अक्षर माझं, मी कधी लिहिला ते मी सांगायचं. सरपंच होण्याआधी लिहिलेला सरपंचपदाचा राजीनामा कुठल्याही साहेबाला खोटा मानावा लागला असता. सगळी लोकशाही त्या दुपारी माझ्या तोंडातल्या एका वाक्यावर येऊन थांबली होती.

मी म्हणालो, “काकी, त्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी आहे.”

ती खोटी नव्हती. पर्यवेक्षणाच्या यादीत माझं नाव होतं. ती बदलून घेता आली असती, प्राचार्यांना दोन ओळी लिहायच्या होत्या, तेवढंच. काकीनं माझ्याकडं बघितलं. नंतर डबा रिकामा करून देतोस का म्हणून विचारलं. मी दिला. तिनं तो पदरानं पुसला.

“मग काय,” ती म्हणाली, “परीक्षा महत्त्वाची. एवढी सालं त्याच्यासाठीच काढली की.”

आणि एस.टी.च्या वेळेला निघून गेली.

त्या दिवशी मी हॉलमध्ये फिरत होतो. पन्नास मुलं खाली मान घालून लिहीत होती. खिडक्या बंद, घामाचा आणि नव्या कागदाचा वास. पेपर माझ्याच विषयाचा होता. लोकशाहीच्या यशस्वितेच्या अटी. पहिली घंटा झाली, अर्धा तास झाला, एका मुलीनं पुरवणी मागितली. मी पुरवणीवर सही केली, आणि सही करायच्या आधी तिचा नंबर, दिनांक, विषय सगळं नीट भरलंय का ते तपासून घेतलं. परीक्षेत तारखेची जागा मोकळी सोडलेली आम्ही कधी चालवून घेत नाही.

कचेरीत काय झालं ते चुलत्यांनी मला नंतर सांगितलं. ते एक पाळी बुडवून तिच्याबरोबर गेले होते. साहेबानं कागद पुढं धरला.

“सही तुमचीच का?”

“व्हय, माझीच.”

“मजकूर कुणी लिहिला? अक्षर कुणाचं आहे?”

चुलते म्हणाले, ती लई वेळ कागदाकडं बघत ऱ्हायली. मग म्हणाली, “ठावं न्हाय.”

माझं अक्षर तिला ठाऊक नव्हतं! मी हॉस्टेलवरून पाठवलेली पत्रं ती वाचता येत नसतानाही पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. पोस्टमननं दुसऱ्या कुणाचं पाकीट दिलं तर लांबूनच म्हणायची, ह्ये आमचं न्हवं. तिनं नाव घेतलं असतं तर मला बोलावणं आलं असतं, आणि मी तिथं उभा राहून काय बोललो असतो, हे तिला बहुतेक माझ्याआधी कळलं होतं. म्हणून तिनं मला वाचवलं आणि सरपंचपद सोडलं. राजीनामा मंजूर झाला. पारूबाई सरपंच झाली. तिचा मला राग नाही, तिची चूल ज्यांच्या रानावर पेटत होती त्यांच्यापुढं ती बोलणार तरी काय? रजिस्टर पुन्हा स्कूटरवरून फिरायला लागलं. जूनमध्ये माझी नेमणूक झाली.

काकीनं त्यावर एक शब्दही काढला नाही. माझ्या नेमणुकीचे पेढे तिनं वाड्यात घरोघर स्वतः वाटले. पण मला परपेसर म्हणायचं बंद केलं. ‘सर’ म्हणायला लागली. वाड्यातले सगळेच म्हणायचे, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता हमरस्ता रुंद झालाय. पंचतारांकित एमआयडीसीच्या शेडांचे पत्रे लांबून चमकतात, काकीचा मुलगा राजू तिथं एका कारखान्यात शिफ्टला जातो. बौद्धवाड्यामागं दूध संस्थेची दुमजली इमारत उभी आहे. बालवाडी समाजमंदिराच्या ओसरीत भरते, पावसाळ्यात भरत नाही. आण्णा गेले, कट्ट्यावर त्यांचा मुलगा बसतो. पंचायत अजूनही बिनविरोध होते. तेव्हा चावडीच्या दारात उभ्या राहिलेल्या बायांना मी मधे एकदा विचारलं, काकी ठराव वाचून घ्यायची ते आठवतं का? एकीला आठवत होतं. ती म्हणाली, “व्हय, लई वेळ लागायचा.”

मी वर्गात अजून सवयींचा सिद्धांत शिकवतो. फक्त त्यातलं एक मी मुलांना सांगत नाही. आमच्या चावडीत दोन सवयी होत्या. वाचून सही करायची एक, आणि तारीख मोकळी सोडायची एक. पहिली आठ महिने टिकली. दुसरीला कुणी कायद्यानं आणलं नाही, कुणी प्रशिक्षण दिलं नाही, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, कारण तिला माझ्यासारख्यांचं चांगलं अक्षर मिळत गेलं. लोकशाहीच्या कण्याबद्दल मला एवढंच माहीत आहे.

गेल्या वर्षी चुलते गेले. छातीनं गेले, भट्टीवरची बरीच माणसं तशीच जातात. या मार्चात, गठ्ठे यायला सुरुवात झाली होती, तेव्हा राजूचा फोन आला. घरजागेला वारस म्हणून काकीचं नाव लावायचं होतं, अर्ज लिहायचा होता. मी म्हणालो, टायपिंगवाल्याकडून करून घे. तो म्हणाला, “आई म्हंतीया, सरांनाच बलीव.”

गेलो. काकी ओसरीवर बसली होती. आता कमी दिसतं तिला, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. मी खाली बसून अर्ज लिहिला. त्या कट्ट्यानंतर तिच्यासाठी लिहिलेला हा पहिला कागद. माझं अक्षर आता तेवढं चांगलं राहिलेलं नाही, पण मी समास सोडला, ओळी सरळ ठेवल्या. लिहून झालं आणि मला राहवलं नाही.

“काकी,” मी म्हणालो, “त्या टायमाला मी यायला पाहिजे होतं.”

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, “वाच.”

मी वाचला. वरपासून खालपर्यंत, मोठ्यांदा. मधेच एका ओळीपाशी ती म्हणाली, “ते परत वाचा.” वाचा म्हणाली. मी परत वाचला. मग तिनं कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

“हितं काय लिवलंय?”

“काही नाही. तारीख राहिलीय. ऑफिसात गेल्यावर राजू घालेल.”

तिनं कागद माझ्यापुढं सरकवला.

“आदी तारीख घाला, सर,” ती म्हणाली.

मी घातली. तिनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि मग सहीसाठी हात पुढं केला.